परंपरेचा अडसर

मी माझ्या आईला घरात कोंडून ठेवलं होतं, अशी आमच्या दादरच्या कॉलनीत एक समजूत आहे. ती खरी आहे.

फक्त त्यामागचा माझा हेतू लोक समजतात तो नव्हता. मुळात हेतूच नव्हता. होता तो एक दरवाजा. आणि तो मी मोठ्या अभिमानानं, स्वतः वखारीत जाऊन, स्वतः निवडून आणला होता. त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी सापडत नाही. मी बराच शोध घेतला आहे.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. दिसेल त्या भिंतीवर 'झालाच पाहिजे' लिहिलेलं असायचं. मी नुकताच आर्किटेक्ट झालो होतो. इतका नुकताच, की पदवीच्या कागदाची गुंडाळी अजून सरळ राहत नव्हती. त्याच सुमारास आम्ही गिरगावातली चाळ सोडून दादरच्या एका नव्या सोसायटीत, पहिल्या मजल्यावर ब्लॉक घेतला. इमारतही कोरी करकरीत. बाहेरच्या रंगासाठी बांधलेली बांबूंची परांची अजून तशीच उभी होती. (रंगारी अर्धं काम टाकून कुठल्याशा सभेला गेले ते परत आलेच नव्हते. इमारत कमरेपर्यंत पिवळी आणि खाली सिमेंटी अशी धोतर सोडून उभी होती.)

घरात आम्ही तिघं. मी, आई आणि दादा, म्हणजे माझे वडील. दादा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मुंबई महाराष्ट्रात यावी असं त्यांनाही वाटायचं, पण सरकारी नोकर असल्यामुळे ते त्यांना फक्त मनातल्या मनात वाटायचं. मोठ्यानं काही वाटायचंच झालं तर ते आधी गॅलरीचं दार लावून घेत.

ब्लॉक हातात आल्या दिवशीच मी जाहीर केलं, "दादा, हे घर मी करणार. बाहेरून नवं, आतून आपलं. परंपरा आणि आधुनिकता यांचा समन्वय."

'समन्वय' हा शब्द मी कॉलेजात शिकलो होतो. आमचे एक प्राध्यापक तो फार सुंदर उच्चारत. साहेबाच्या नकला पुरे झाल्या, ओटी, माजघर, कोनाडे, झोपाळा यांत जे शहाणपण आहे ते नव्या सिमेंटच्या घरात आणा, असं ते सांगत. ते स्वतः मरीन लाइन्सला एका इराण्याच्या इमारतीत भाड्यानं राहत, पण ती गोष्ट वेगळी.

दादांनी चष्मा कपाळावर सरकवला. "परंपरा? कोणाची?"

"आपली."

"अरू, तुझा आजा चाळीत राहिला, मी चाळीत राहिलो. आपली परंपरा म्हणजे कॉमन नळ. तो बसवणार आहेस का जिन्यात?"

मी हसलो. थोर कलावंतांना सुरुवातीला घरात असाच विरोध होतो, हे मला ठाऊक होतं.

आई मात्र म्हणाली, "करू दे हो त्याला. शिकलाय तर कुठेतरी वापरेलच. बाहेर वापरण्यापेक्षा घरात बरं." हे मी तेव्हा प्रोत्साहन समजलो.

कामाला सुरुवात झाली ती कोनाड्यापासून. जुन्या घरांत भिंतीत कोनाडे असत, त्यात पणती ठेवत, किल्ल्या ठेवत. आता जुन्या भिंती असत हातभर जाड, आणि आमची स्वयंपाकघरातली भिंत निघाली एका विटेची. हे मला नकाशावर दिसलं होतं, पण जाणवलं नव्हतं. गवंड्यानं माझ्या सांगण्यावरून छिन्नी मारली, वीट सरळ पलीकडे गेली. पलीकडे शेजारच्या कुमुदताईंची आमटी उकळत होती.

भोकातून एक डोळा दिसला. मग आवाज आला, "अरविंद, हे काय?"

"कोनाडा," मी म्हणालो. "आपली जुनी पद्धत."

"माझ्या आमटीत वीट टाकायची?"

कुमुदताई मुलींच्या शाळेत कवायत शिकवत. त्यांनी 'सावधान' म्हटलं की रस्त्यावरची टांग्याची घोडीसुद्धा पाय जुळवून उभी राहत, अशी ख्याती होती. त्यांच्या धाकानं मी भोक बुजवायला निघालो, तेवढ्यात आईनं त्यातून आमटीची भरपाई म्हणून वाटीभर बिरडं सरकवलं. पलीकडून लोणचं आलं. दुसऱ्या दिवशी इकडून मीठ गेलं, तिकडून वर्तमानपत्र आलं. आठवड्याभरात दोघींचं इतकं जमलं, की भोक बुजवायचं नाव काढायची सोय राहिली नाही. माझ्या संपूर्ण वास्तुरचनेत उपयोगी पडलेली ही एकच गोष्ट, आणि ती चूक होती.

आईला त्या भोकाची गरज होती, हे मला फार उशिरा कळलं. गिरगावात दार म्हणजे दिवसभर उघडी असलेली गोष्ट. समोरच्या कॉमन गॅलरीत बसून ती निम्म्या चाळीशी बोलत भाजी निवडायची. खालून मोर्चे जायचे, सभेतल्या भाषणांचा आवाज वर यायचा, आणि ती हातातली मेथी तशीच धरून ऐकत उभी राहायची. दादरला आल्यावर दार बंद, शेजारचं दार बंद, सगळं शांत. ती तक्रार करत नसे. पण एकदा संध्याकाळी मी घरी आलो, तर ती बंद दाराकडे तोंड करून भाजी निवडत बसली होती. मला वाईट वाटलं. मी ठरवलं, दार जर इतकं बघायचंच आहे, तर ते बघण्यासारखं तरी असावं.

म्हणून मी रे रोडला गेलो.

तिथे लाकडाच्या वखारींत मोडलेल्या जुन्या घरांचं सामान यायचं. ढिगात मला तो दिसला. सागवानी, लोखंडी फुल्या ठोकलेला, वर गणेशपट्टी, तिच्यावर दोन पोपट आणि कमळ. त्याच्यासमोर हात जोडायचेच काय ते बाकी होते. वखारवाला म्हणाला, "सरदाराच्या घराचा आहे साहेब. दरोडेखोरांनी तीन वेळा तोडायचा प्रयत्न केला, तुटला नाही." हे त्यानं कौतुकानं सांगितलं आणि मीही कौतुकानं ऐकलं. दोघांपैकी एकानंही पुढचा विचार केला नाही.

हातगाडीवर तो दरवाजा दादरला निघाला. हिंदमाताच्या नाक्यावर साड्यांच्या दुकानांतले लोक पायरीवर येऊन बघत होते. "कुठलं देऊळ बांधताय?" एकानं विचारलं. मी नम्रपणे हसलो.

दरवाजा बसला, पण तो पूर्वीच्या लोकांच्या उंचीचा होता. दादा कचेरीतून आले आणि गणेशपट्टीवर कपाळ आपटून तिथेच बसले.

"वाकून आत यायचं असतं दादा," मी म्हणालो. "त्यामागे विचार आहे. येणारा माणूस नम्र होऊन येतो."

"दिवसभर साहेबापुढे नम्र होऊन आलोय," दादा कपाळ चोळत म्हणाले. "घरीही कोणापुढे व्हायचं, या पोपटांपुढे?"

स्वयंपाकघराला एक मागचं दार होतं, जिन्यावर उघडणारं. ते मी बुजवून टाकलं आणि तिथे देवघर केलं, कारण ईशान्य दिशा नेमकी तिथेच येत होती. देव खूश झाले असावेत. आम्हाला मात्र आता येण्याजाण्याची वाट एकच उरली, पोपटांखालची.

आणि मग मी अडसर बसवला.

हल्लीच्या वाचकांनी अडसर हा शब्द फक्त 'अडथळा' या अर्थानं ऐकला असेल. मूळ वस्तू म्हणजे दाराच्या आतून आडवा सरकवायचा एक जाडजूड चौकोनी सोट. दिवसा तो भिंतीतल्या लांबलचक भोकात पडून राहतो. रात्री दार लावलं की ओढून बाहेर काढायचा आणि त्याचं टोक समोरच्या भिंतीतल्या खाचेत घालायचं. मग बाहेरून हत्ती आला तरी दार हलत नाही. जुन्या दाराबरोबर त्याचा अडसर आला नव्हता, म्हणून मी नवा करून घेतला. सागवान मिळालं नाही, आंब्याचं लाकूड मिळालं. भिंतीत त्याच्यासाठी खण केला, वरून ताजं प्लास्टर केलं. ताज्या प्लास्टरला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. ते मी स्वतः मारत असे, बादलीनं, अगदी मन लावून. आमच्या कॉलेजात लाकूड हा विषय पहिल्या वर्षाला होता आणि मला त्यात चांगले मार्क होते.

इकडे भोकातून नुसतं मीठ-लोणचं जात नव्हतं. एक दिवस कुमुदताईंनी त्यातून विचारलं, "सुमतीबाई, बायकांचा मोर्चा निघणार आहे. आपल्या कॉलनीची तुकडी जायची आहे. याल?"

आईनं हातातली लोणच्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला घोषणा देता येत नाहीत."

"शिकवते."

तेव्हापासून आमच्या घरात भाकऱ्या निराळ्या तालावर होऊ लागल्या. 'झालाच', थप, 'पाहिजे', थप. पहिल्या दिवशी कुजबूज होती. चार दिवसांनी ती पोळपाटापर्यंत पोचली, मग दारापर्यंत. एकदा तर दादा जेवायला बसलेले असताना ती परातीसमोर बसून इतक्या जोरात 'पाहिजे' म्हणाली, की दादांनी घाबरून आणखी एक भाकरी घेतली.

कुमुदताईंनी तिला तुकडीच्या पुढे चालायला निवडलं. हातात फलक घेऊन. आईनं हिंदमाताला जाऊन जाड सुताचं नऊवारी लुगडं आणलं. बायकांना पकडून नेतात म्हणून एक 'तुरुंगाची पिशवी'ही तयार झाली. तीत दंतमंजन, कंगवा, एक लुगडं आणि मेतकुटाची डबी. (तुरुंगातल्या भाताला चव नसते असं तिनं ऐकलं होतं.)

दादांची स्थिती अवघड होती. सरकारी नोकराची बायको सरकारविरुद्ध मोर्चात. त्यांनी त्यावर कारकुनी तोडगा काढला. "मला यातलं काही माहीत नाही," असं त्यांनी वर्तमानपत्राला सांगितलं. "कोणी कुठे जात असेल, तर मी पेपर वाचत होतो." मग हळूच पानाआडून विचारलं, "छत्री घेतलीस का?"

मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी आई माझ्याजवळ आली. मी दाराच्या फुल्यांना तेल लावत होतो. ती म्हणाली, "अरू, गिरगावात मी सगळे मोर्चे गॅलरीतून बघितले. वरून. लग्न होऊन आले तेव्हापासून मी सगळं वरूनच बघितलंय रे. एकदा मला खालून चालत जायचंय."

मला भरून आलं. आईच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि आपलं त्यात काहीच नाही? आपण काहीतरी करायला हवं असं मला फार वाटलं. म्हणून मी भिंतीला शेवटचं दोन बादल्या पाणी मारलं, प्रथमच तो अडसर ओढून बाहेर काढला आणि समोरच्या खाचेत घातला. 'टक्' असा भारदस्त आवाज झाला. घराला घरपण आल्यासारखं वाटलं.

सकाळी आई तयार झाली. न्हाऊन, जाड लुगड्याचा कासोटा घट्ट मारून, फलक एका हातात आणि पिशवी दुसऱ्या हातात. इतकी सुंदर ती मला कधी दिसली नव्हती. खाली रस्त्यावर बायका जमत होत्या. दादांनी पेपर उघडला.

मी ऐटीत पुढे झालो आणि अडसर आत ढकलला.

तो गेला नाही.

मी पुन्हा ढकलला. मग खांदा लावला. मग पाय लावला. आंब्याचं ते लाकूड रात्रभर माझं पाणी पिऊन असं टम्म फुगलं होतं, की ते भिंतीतून आलं आहे की भिंत त्याच्यातून, हे सांगता येत नव्हतं.

"काय झालं?" आई म्हणाली.

"काही नाही. जरा घट्ट बसलाय. नवीन आहे ना."

"अरू, खाली बायका थांबल्यात."

"दोन मिनिटं."

आधी त्याला तेल लावलं. मग साबण. दोन्हींमुळे एवढंच झालं, की आता त्याला हातही लावता येईना. दादांचं पेपरवाचन संपुष्टात आलं. ते उठले, स्वयंपाकघरातून विळी घेऊन आले आणि अडसरावर बसून त्याला पडवळासारखा चिरायला लागले. थोडा भुसा पडला. विळीचं पातं वाकलं. "दरोडेखोर," दादा धापा टाकत म्हणाले, "शहाणे होते. तीनदा प्रयत्न करून सोडून दिलं."

भोकातून कुमुदताईंचं तोंड दिसू लागलं. म्हणजे फक्त तोंडच, कारण त्याहून जास्त त्यात मावत नसे. "सुमतीबाई, चला की!"

"दार उघडत नाही हो," आई म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं. आयुष्यभर गॅलरीत उभी राहिलेली बाई, आणि तिच्या पोटच्या पोरानं तिला आज पुन्हा वरच ठेवलं होतं.

"करवत आहे का तुमच्याकडे?" मी भोकात ओरडलो.

"करवत? माझ्याकडे शिट्टी आहे."

सुतार मिळायचा प्रश्न नव्हता. दादर बंद होतं. कुमुदताईंच्या चार-पाच सैनिक बायका वर आल्या आणि बाहेरून दार ढकलू लागल्या. दाराला गंमत वाटली असावी. पिढ्यान्‌पिढ्यांनंतर त्याला त्याचं खरं काम मिळालं होतं, आणि ते त्यानं चोख केलं.

बायका हरून खाली गेल्या. तिथे बातमी पसरली ती थोडक्यात पसरली, की सुमतीबाईंना घरात कोंडलंय. कोणी कोंडलंय, कशानं कोंडलंय, हे तपशील जिन्यातच राहिले. लगेच खालून घोषणा आली, "दार उघडलंच पाहिजे!" मोर्चा अजून निघायचा होता, गळे ताजे होते. सगळी कॉलनी खिडक्यांत आली.

मी गॅलरीत धावलो. नेमका त्याच वेळी एक हवालदार कोपऱ्यावरून आला.

"काय गडबड हाय? पाचापेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही, म्हाईत हाय ना?"

"माणसं कुठायत?" कुमुदताई म्हणाल्या. त्याही आता खाली पोचल्या होत्या. "आम्ही बायका आहोत."

हवालदार यावर विचार करू लागला. वर्दी बघताच इकडे दादा बाथरूममध्ये गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली. (ती कडी आधुनिक असल्यामुळे व्यवस्थित लागली.)

"ओ साहेब," हवालदारानं मान वर करून मला विचारलं, "बाईंना सोडत का न्हाई तुमी?"

"सोडतोय हो! पण अडसर आहे!"

"कुणाचा अडसर?"

आता इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण आपल्या कामाबद्दल कोणी आस्थेनं विचारलं, की मला राहवत नाही.

"माझाच!" मी ओरडून सांगितलं. "मीच घातलाय!"

खाली एकदम शांतता पसरली.

"सोताच्या आईला?" हवालदार म्हणाला. "आन् त्यो कशापायी?"

"अहो, आपली परंपरा आहे ती! पूर्वी घराघरात असायचा. आपण विसरलो. मी पुन्हा आणायला निघालोय!"

ती शांतता कसली होती ते मला नंतर उमगलं. पहिल्यांदा एका खिडकीतून "शी!" ऐकू आलं. मग कोणीतरी म्हणालं, "शिकलेला आहे म्हणे." मग पन्नास बायका एका सुरात गर्जल्या, "अडसर हटलाच पाहिजे!" मी हात हलवून समजावू लागलो, की अडसर म्हणजे लाकडी, आंब्याचा, फुगलेला, पण हात हलवणारा माणूस खालून नकार देतानाच दिसतो. कुमुदताईंना खरं काय ते माहीत होतं. पण मोर्चाला असं आयतं स्फुरण चढत असताना ते उतरवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

"सरक," मागून आवाज आला.

आई गॅलरीत आली होती. तिनं एकदा खाली बघितलं, एकदा बाहेरच्या परांचीकडे. मग तुरुंगाची पिशवी दोरीला बांधून खाली सोडली, फलक कुमुदताईंच्या हातात टाकला, पदर खोचला आणि कठड्यावर पाय ठेवला.

"आई, अगं काय करतेस!"

"माझं माहेर रेवदंड्याला," ती म्हणाली. "सुपारीच्या बागेत. तुझ्या मामाआधी मी झाडावर असायचे." आणि ती कठडा ओलांडून बांबूवर उतरलीसुद्धा.

तेवढ्यात बाथरूमचं दार धाडकन उघडलं. आतल्या लहान खिडकीतून दादांना बाहेरचा बांबू आणि त्याच्यावर आलेला आपल्या बायकोचा पाय दिसला होता. ते धावत गॅलरीत आले. लोक बघतायत, हवालदार बघतोय, सगळं विसरून कठड्यावरून अर्धे बाहेर वाकले.

"सुमती! सांभाळून. तिसरा बांबू हलतोय."

आई थांबली. तिनं वर बघितलं. आमच्या दादांनी तोपर्यंत तिला 'अगं' आणि 'ऐकलंस का' याशिवाय कधी हाक मारलेली नव्हती. नावानं तर घरातही नाही, आणि इथे सगळी कॉलनी ऐकत होती.

"बरं," ती म्हणाली आणि तिसरा बांबू सोडून चौथ्यावर पाय ठेवला.

हवालदारानं दंडुका बगलेत मारला आणि दोन्ही हातांनी खालचा बांबू घट्ट धरून ठेवला. "सावकाश, मावशी," तो म्हणाला. मग दादांकडे बघून त्यानं विचारलं, "तुमी कोन?"

दादा क्षणभर अडखळले. कचेरी, साहेब, पेन्शन, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं.

"मी यांचा नवरा," ते मोठ्यानं म्हणाले. गॅलरीचं दार सताड उघडं होतं.

आईचे पाय जमिनीला लागले तेव्हा जो जल्लोष झाला, तसा मी पुढे खुद्द महाराष्ट्र झाला त्या दिवशीच ऐकला. तिनं लुगडं झटकलं, फलक घेतला आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. पहिली घोषणा तिनंच दिली. भाकरीच्या तालावर. मोर्चा कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही बघत होतो, दादा आणि मी, गॅलरीत उभे राहून. वरून.

त्यानंतर आम्ही दोघं दिवसभर कोंडलेले होतो. परांचीवरून उतरायचा विचार मी बोलून दाखवला, तेव्हा दादा म्हणाले, "खाली गेलास तर लोक मारतील." स्वयंपाक आम्हा दोघांनाही येत नव्हता. आम्ही देवापुढचे पेढे खाल्ले.

संध्याकाळी भोकातून आवाज आला, "अहो, आहात का?"

आईला पोलिसांनी इतर बायकांबरोबर ट्रकमध्ये घालून नेलं होतं आणि दिवसभर बसवून सोडून दिलं होतं. तिचा आवाज पार बसला होता. भोकात कधी तिचा एक डोळा दिसे, कधी हसरं तोंड. तोंड आणि डोळा एकाच वेळी दिसत नव्हते, पण ती किती आनंदात आहे ते कळायला तेवढं पुष्कळ होतं. मला तिचा फार अभिमान वाटला.

"दार उघडलं का रे?" तिनं विचारलं.

"नाही."

"असू दे. तुम्ही कुठे जाणार आहात?" आणि तिनं कुमुदताईंच्या चुलीवर केलेली गरम पिठलं-भाकरी एकेक करून आत सरकवली. सोबत मेतकुटाची डबी, न उघडलेली. दादांनी भाकरी हातात घेतली आणि भोकाजवळ तोंड नेऊन हळूच विचारलं, "पायाला लागलं नाही ना?" मी तिथून उठून दुसऱ्या खोलीत गेलो.

दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि त्यानं अडसर मधोमध कापला. भिंतीतला अर्धा अजून भिंतीतच आहे. दुसरा अर्धा आई दाराशी ठेवते, दार मिटू नये म्हणून पाचर लावायला. तेव्हापासून आमचं दार गिरगावासारखं दिवसभर उघडं असतं, आणि आई तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत भाजी निवडते. दादा अजूनही पोपटांना कपाळ आपटतात.

माझ्याबद्दलची समजूत मात्र पुसली गेली नाही. मुंबई महाराष्ट्राची झाली, पेढे वाटले गेले, कॉलनीत मला पेढा देताना लोक जरा थांबत. "तुम्हालाही द्यायचा का?" असं एकानं सरळच विचारलं. पुढे माझं लग्न ठरायच्या वेळी मुलीकडची माणसं आली. मुलीच्या वडिलांनी पगार विचारला नाही, पत्रिका विचारली नाही. उघड्या दाराकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "आमच्या मुलीला बाहेर जायला काही अडसर नसेल ना?"

"अर्धाच उरलाय," आई म्हणाली.

लग्न झालं. सासूबाईंनी मोठ्या हौसेनं रुखवत मांडलं होतं. लाडू, करंज्या, रंगीत सांडगे, लोकरीचा ताजमहाल. आणि सगळ्यांच्या मधोमध, हळदकुंकू लावलेली, एक नवी कोरी करवत. खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'माहेरी येण्यासाठी'.